मूठभर धान्य, एक रुपया आणि वेबसाईटवाल्यांची जत्रा



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण विषय आपल्या तालुक्याच्या कामाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

चैत्रात गडावर पायी जाणारी माणसं आपण लहानपणापासून बघत आलोय. धुळे, जळगाव, मालेगावकडून जथेच्या जथे उन्हातान्हात चालत येतात. रस्त्याला कुणी पाण्याची टाकी लावतं, कुणी सरबत करतं, कुणी मंडप टाकून जेवण वाढतं. पायाला फोड आलेल्यांना मलम लावून देणारी पोरं असतात. शिखरावर कीर्तिध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. यातल्या कुणालाही पगार नाही. 'हे काम माझ्याकडे' असं म्हणणाऱ्या माणसांवर एवढी मोठी व्यवस्था उभी राहते.

आज अशाच एका जत्रेबद्दल लिहायचंय. ही जत्रा देवाची नाही, वेबसाईटवाल्यांची आहे.

वर्डप्रेस नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. जगातल्या दर दहा वेबसाईटींपैकी साधारण चार त्याच्यावर चालतात. ते बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या लोकांच्या मेळाव्याला वर्डकॅम्प म्हणतात. अख्ख्या आशियाचा मोठा वर्डकॅम्प 2023 ला बँकॉकला झाला, 2024 ला तैपेईला, 2025 ला मनिलाला. 2026 साठी मुंबई ठरली, 9 ते 11 एप्रिल. त्या साली चैत्र पौर्णिमा 2 एप्रिलची. म्हणजे आपली जत्रा उतरली की आठवड्याभरात त्यांची.

तुम्ही म्हणाल, मुंबईत इंजिनियर लोक जमणार, त्यात कळवणचं काय? तेच सांगायला बसलोय. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी आपल्या गल्लीतलं

माझं कळवणला कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. फॉर्म भरून देणं, प्रिंट, झेरॉक्स, आणि अधूनमधून एखाद्या दुकानदाराची किंवा शेतकरी गटाची वेबसाईट. सातबारा ऑनलाईन, शिष्यवृत्ती ऑनलाईन, पीक विमा ऑनलाईन, दाखले ऑनलाईन, कांद्याचा भाव मोबाईलवर. पूर्वी माणूस कचेरीत जाऊन साहेबापुढे उभा राहायचा. आता तो माझ्या काउंटरपुढे उभा राहतो आणि मी स्क्रीनपुढे.

एकदा पश्चिम भागातली एक आजी नातवाचा फॉर्म भरायला आली होती. सगळं भरून झालं. शेवटच्या बटणावर लिहिलं होतं 'सादर करा'. मी म्हटलं, "आजी, आता सादर करू का?" ती म्हणाली, "कोणाला सादर करतो रे भाऊ? आपल्याला तर पाठवायचंय ना?"

मी हसलो खरा, पण डोक्यातून ते गेलं नाही. बटणावर 'पाठवा' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ते 'सादर करा' कुणी ठरवलं? कुठे बसून ठरवलं? तिथे आजीला ओळखणारं कुणी होतं का?

मग दुसरा घोळ. पोराचं आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, दाखल्यावर दुसऱ्या स्पेलिंगने. गावाचं नाव यादीत सापडत नाही, कारण यादी करणाऱ्याने ते इंग्रजीतून परत मराठीत आणताना तिसरंच करून ठेवलंय. अर्ज अडकतो. पोरगं कॉलेज सोडून माझ्या दुकानापुढे दोन दिवस घालवतं.

हे सगळं माणसांनी बनवलेलं आहे. आणि ज्या माणसांनी ते बनवलंय, ती कुठे ना कुठे एकत्र जमतात, बोलतात, भांडतात, शिकतात. त्या जमण्याचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा, तो यासाठी.

वेबचा पहिला मेळावा

वेब, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'नेट' म्हणतो त्यातला वेबसाईटींचा भाग, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जन्मला. टिम बर्नर्स-ली हे त्याचे जनक. 30 एप्रिल 1993 ला सर्नने जाहीर केलं की वेबचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येईल, कुणाची परवानगी लागणार नाही. त्या एका कागदामुळे आज माझं दुकान चालतंय, असं म्हटलं तरी चालेल.

पुढच्याच वर्षी, 25 ते 27 मे 1994 ला, सर्नमध्येच वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जेमतेम 380 माणसं होती. पण उत्साह एवढा, की लोकांनी तिला 'वेबचं वुडस्टॉक' असं नाव दिलं. 1969 साली अमेरिकेत वुडस्टॉक नावाचा संगीताचा प्रचंड मेळावा झाला होता, त्यावरून.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? सामान्य माणसासाठी इंटरनेट भारतात आलं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून, तेही आधी मोठ्या शहरांत. कळवणला तेव्हा फोनची लाईन लागली तरी पेढे वाटायचे दिवस होते.

ती पहिली परिषद पुढे दरवर्षी भरत गेली. 2011 ला ती हैदराबादलाही आली होती. पण तिचा बाज विद्वानांचा राहिला. शोधनिबंध लिहायचा, तो तपासला जाणार, मग मोठी फी भरून तिथे जायचं. ते आवश्यकच आहे, विज्ञान तसंच पुढे जातं. पण नुसती आवड असलेल्या पोराला तिथे जागा नव्हती.

बारकॅम्प आणि बोहाडा

ती जागा कशी तयार झाली, त्याची गोष्ट मजेशीर आहे.

अमेरिकेत टिम ओ'रायली नावाचे कॉम्प्युटरच्या पुस्तकांचे मोठे प्रकाशक आहेत. ते 2003 पासून निवडक लोकांना बोलावून 'फू कॅम्प' नावाचा मेळावा भरवायचे. आमंत्रण असेल तरच प्रवेश. 2005 साली काही तरुण मंडळींनी ठरवलं की आपण आपला मेळावा घेऊ, आणि त्याला कुणीही यावं. प्रोग्रॅम शिकताना उदाहरण म्हणून 'फू' आणि 'बार' हे दोन निरर्थक शब्द वापरायची पद्धत आहे. त्यांचा फू, तर आमचा बार. झाला बारकॅम्प! ऑगस्ट 2005, पालो अल्टो गावातल्या एका कंपनीचं ऑफिस उसनं घेतलेलं, तयारी जेमतेम आठवड्याभराची, आणि माणसं आली दोनशेच्या आसपास.

या मेळाव्याचे नियम बघा. कार्यक्रमपत्रिका आधी छापायची नाही. सकाळी एक कोरा फळा लावायचा. ज्याला जे सांगायचं असेल त्याने त्यावर आपला विषय आणि वेळ लिहायची. प्रेक्षक म्हणून कुणी यायचं नाही, येईल त्याने काहीतरी करायचं. निदान खुर्च्या तरी लावायच्या. आणि एखाद्या ठिकाणी मन रमलं नाही तर निमूट उठून दुसऱ्या खोलीत जायचं, बोलणाऱ्याने राग मानायचा नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपला बोहाडा आठवला. कळवण, सुरगाणा, पेठकडच्या गावांतला. कुठलं सोंग कुणाच्या घरचं हे ठरलेलं असतं. आज जो कडेला बसून बघतोय, तोच थोड्या वेळाने मुखवटा बांधून संबळाच्या तालावर नाचतो. नाचून आला की परत कडेला बसतो. बोहाडा बघायला आलेले आणि बोहाडा करणारे असे दोन वेगळे गट गावात नसतातच. कॅलिफोर्नियाच्या पोरांना जे 2005 ला सुचलं, ते आपल्या डोंगरातल्या गावांना सुचवावं लागलं नव्हतं.

2006 मध्ये बारकॅम्प भारतात आला. दिल्ली, चेन्नई, बंगळूर, पुणे. पुण्यात त्याला आधीची थोडी मशागत होती. लिनक्स वापरणाऱ्यांचा गट होता, आणि सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत मुक्त सॉफ्टवेअरवर 'जीनुनिफाय' नावाचा मेळावा भरायचा. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये प्राध्यापक जितेंद्र शहा आणि त्यांची 'इंडिकट्रान्स'ची मंडळी कॉम्प्युटर मराठीतून चालावा म्हणून खटपट करत होती. ज्यांनी डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका केल्यात त्यांना आठवत असेल, तेव्हा एका फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसत्या चौकोनांची रांगोळी दिसायची. युनिकोड रुजला आणि तो त्रास गेला. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत सहज भांडतो, त्यामागे अशा कितीतरी लोकांची फुकट मेहनत आहे.

मे 2003

एक तारीख लक्षात ठेवा. 1 मे 2003, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आणि त्याच महिन्यात, 27 मे 2003 ला, वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्ही एकाच मातीतली. कुणीही घ्यावं, कुणीही भर घालावी, मालक कुणी नाही.

वर्डप्रेसच्या लोकांचा पहिला मेळावा 5 ऑगस्ट 2006 ला सॅन फ्रान्सिस्कोला झाला. भारतातला पहिला 2009 ला दिल्लीत. नंतर मुंबई, पुणे आणि गेल्या दशकात आपल्या नाशिकलाही वर्डकॅम्प भरला. जगभर मिळून आजवर हजाराच्या वर झालेत.

विकिपीडियावाल्यांची देशातली पहिली परिषद 18 ते 20 नोव्हेंबर 2011 ला मुंबईत झाली. जागा होती मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, तो राजाबाई टॉवरशेजारचा. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स स्वतः आले होते. ज्या दगडी सभागृहात पदवीदान व्हायचं, तिथे पदवी असो-नसो, लेख लिहिणारी देशभरातली माणसं बसली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हे चालतं कसं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मोठी कंपनी पैसे ओतते आणि इव्हेंटवाले येऊन सगळं करतात. वर्डकॅम्पची पद्धत तशी नाही.

पहिली अट: ज्या शहराला वर्डकॅम्प हवा, तिथे आधी छोट्या बैठका नेमाने व्हायला हव्यात. दहा-पंधरा माणसं एखाद्या कॉलेजात किंवा चहाच्या टपरीवर नियमित भेटतायत हे दिसलं पाहिजे. आधी भजनी मंडळ, मग सप्ताह. एकदम सप्ताह नाही.

दुसरी: तिकीट कमी ठेवायचं, म्हणजे विद्यार्थ्यालाही परवडेल. उरलेला खर्च प्रायोजकांकडून. पण प्रायोजकाने पैसे दिले म्हणून त्याला भाषणाची वेळ विकत मिळत नाही.

तिसरी: बोलणाऱ्याला मानधन नाही. आयोजकांना पगार नाही. सगळे स्वयंसेवक. भाषणं रेकॉर्ड करून नेटवर फुकट ठेवायची, म्हणजे जो येऊ शकला नाही त्यालाही ऐकता येतील.

चौथी: वागण्याचे नियम लिहून सगळ्यांना दाखवायचे. कुणाला जातीवरून, धर्मावरून, बाई म्हणून, इंग्रजी येत नाही म्हणून टोमणा मारायचा नाही. मारला तर बाहेर.

मोठ्या मेळाव्याला याच्या जोडीला एक दिवस कामाचा असतो. त्या दिवशी भाषण नाही. टेबलं लावलेली असतात आणि जो तो आपल्याला जमेल त्या टेबलावर बसतो. कुणी प्रोग्रॅममधल्या चुका काढतं, कुणी माहिती लिहितं, कुणी आपापल्या भाषेत भाषांतर करतं. आपल्या भाषेत याला श्रमदान म्हणतात. पाणलोटाचे चर खणायला जसं गाव सकाळी टिकाव-फावडं घेऊन निघतं, तसंच.

मी काही वर्षांपूर्वी पुण्यात अशा एका परिषदेला गेलो होतो. सकाळची तीन भाषणं इंग्रजीत. निम्मी डोक्यावरून गेली. दुपारच्या जेवणाला ताट घेऊन एका कोपऱ्यात उभा होतो. शेजारच्या पोराने विचारलं, "कुठून आलात?" कळवण म्हटलं तर त्याला वणीची देवी माहीत होती. गप्पा निघाल्या. माझ्या एका वेबसाईटवर मराठी जोडाक्षरं तुटत होती, महिनाभर डोकं आपटत होतो. त्याने तिथेच ताट बाजूला ठेवून दहा मिनिटांत दुरुस्त करून दाखवलं.

मग तो मला कामाच्या टेबलावर घेऊन गेला. तिथे पाच-सहा जण मराठी भाषांतर करत बसले होते. आणि वाद कशावर चालला होता? बटणावर 'सादर करा' लिहायचं की 'पाठवा'!

मी आजीची गोष्ट सांगितली. सगळे गप्प झाले. एक जण म्हणाला, "हे आम्हाला इथे बसून कसं कळणार?"

मंडळी, या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

आत कोण, बाहेर कोण?

आता जरा आपल्या मराठी इतिहासाकडे वळू, कारण हा प्रश्न नवा नाही.

11 मे 1878 ला पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं मूळ तेच. दुसरी सभा 1885 ला. तिचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी यायला नकार दिला आणि तो पत्राने कळवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की जे सगळ्यांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही.

दार उघडं होतं. आमंत्रणही होतं. तरी फुले गेले नाहीत, कारण आत कुणाचं जगणं बोललं जाणार आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे एकशे चौदा वर्षांनी, 1999 ला, धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते बाबूराव बागूल, आपल्या नाशिकच्या विहितगावचे. त्या संमेलनाने पैसा उभा करायची जी रीत पाडली ती महाराष्ट्राच्या लक्षात राहिली: घरटी मूठभर धान्य आणि एक रुपया. ज्याने मूठभर तांदूळ दिला, त्याचं ते संमेलन झालं. मग तो पाहुणा उरला नाही.

डिसेंबर 2021 ला नाशिककरांनी दोन्ही एकाच वेळी पाहिली. 94 वं अखिल भारतीय संमेलन आडगावला, आणि विद्रोही केटीएचएमच्या मैदानावर. ज्याला जिथे जायचं तिथे तो गेला, काही जण दोन्हीकडे गेले. शहराचं काही वाईट झालं नाही, उलट गाजलं.

वेबसाईटवाल्यांच्या परिषदांना हीच कसोटी लावू. त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचं दार खरंच उघडं असतं. जात विचारत नाहीत, पदवी विचारत नाहीत, तिकीट स्वस्त ठेवतात, नियम लिहून ठेवतात. साहित्य संमेलनाला जे शंभर वर्षं जमलं नाही ते यांनी काही वर्षांत केलं, हे मान्य केलं पाहिजे.

पण उघडं दार आणि पोचता येणारं दार यात फरक आहे. कळवणहून नाशिक 80 किलोमीटरच्या आसपास, तिथून मुंबई आणखी. दोन दिवसांच्या परिषदेला तीन-चार दिवस मोडतात. राहायचं कुठे? दुकान बंद, मजुरी बुडाली. मुलगी असेल तर घरून परवानगीचा प्रश्न वेगळाच. आणि तिथे पोचलात तरी भाषणं इंग्रजीत. तिकीट स्वस्त असून भागत नाही. आपल्या पोरांसाठी तिकीट हा त्यातला सगळ्यात छोटा खर्च असतो.

म्हणून त्या टेबलावर आजीला ओळखणारं कुणी नव्हतं. कुणी मुद्दाम बाहेर ठेवलं नव्हतं. कुणी पोचलं नव्हतं, एवढंच.

आपलं आपण

मग मार्ग काय? मला वाटतं, मार्ग धारावीने दाखवलाय. आपलं आपण भरवायचं, आणि मग त्यांच्याशी बोलायचं.

नाशिकमध्ये याचं एक चांगलं उदाहरण आहे. 2015 च्या सिंहस्थाआधी 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम झाला. अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करणारे रमेश रासकर मूळचे नाशिकचे, त्यांचा त्यात पुढाकार होता. डॉक्टर, इंजिनियर, कॉलेजची पोरं, शहरातली जाणती माणसं दिवसेंदिवस एकत्र बसली. गर्दी कशी मोजायची, आजार पसरला तर कसा कळायचा, हरवलेलं माणूस कसं सापडायचं, हे प्रश्न त्यांनी नाशिकच्या रस्त्यावरून उचलले. पायाखाली टाकून गर्दी मोजणारी चटई त्यातूनच निघाली. ती बनवणाऱ्यांत नाशिकचा एक शाळकरी मुलगा होता, आणि ती 2015 च्या कुंभात वापरून पाहिली गेली. प्रश्न इथला होता म्हणून उत्तर इथल्या मुलाला सुचलं. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा हे आठवायला हवं.

कळवणला एमआयटी नाही आणि एकदम वर्डकॅम्प भरवायची घाईही नाही. वर सांगितलं तसं, आधी भजनी मंडळ. माझ्या डोक्यात आहे ते असं:

महिन्यातला एक रविवार. बाजाराचा दिवस टाळून, आणि वेळ अशी की पश्चिम भागातल्या पोरांना संध्याकाळची शेवटची एसटी मिळेल. हे पहिलं ठरवायचं, बाकी सगळं नंतर. कारण शेवटची गाडी चुकते म्हणून जो येत नाही, तो कधीच येत नाही.

भाषा मराठी. कुणाला अहिराणीत सांगायचं असेल तर अहिराणीत, कोकणीत सांगायचं तर आपल्या डोंगरातल्या कोकणीत. इंग्रजी शब्द आला की बोलणाऱ्याने थांबून सांगायचा.

फळा कोरा. ज्याला जे येतं त्याने ते सांगायचं. कुणाला वेबसाईट बनवता येते, कुणाला फॉर्म न अडकता भरता येतो, कुणाला बाजारभावाची माहिती कुठून काढायची ते माहीत आहे. आणि ज्याला काहीच येत नाही असं वाटतं, त्याने आपली अडचण फळ्यावर लिहायची. ती सगळ्यात उपयोगी.

मुलींसाठी पुढची रांग राखीव वगैरे काही नको. आयोजकांतच निम्म्या मुली असाव्यात. मग घरच्यांना फोन करून 'आम्ही सगळ्या आहोत' म्हणायला कुणीतरी असतं.

प्रायोजक आधी शोधायचे नाहीत. चहा-पोह्यांपुरतं आपलं आपण. मूठभर पोहे आणि एक रुपया. एखाद्या दुकानदाराने प्रोजेक्टर दिला तर आभार, पण बॅनरवर त्याचा फोटो नाही. पुढाऱ्यांनी जरूर यावं, बाकीच्यांसारखं खुर्चीवर बसावं, सत्कार होणार नाही. हिशोब फळ्यावर लिहायचा, पुसण्याआधी सगळ्यांनी बघायचा.

आणि पहिलं श्रमदान: आपल्या तालुक्यातल्या गावांची, पाड्यांची नावं. नकाशावर, विकिपीडियावर, जिथे आपल्याला दुरुस्त करता येतात तिथे ती बरोबर मराठीत लिहायची. ज्या वेबसाईटींवर आपला हात पोचत नाही, त्यांच्या चुकांची यादी करून एकत्र अर्ज द्यायचा. एकट्याने दिलेला अर्ज फाईलीत जातो, शंभर सह्यांचा अर्ज टेबलावर राहतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. त्यानंतर भाषांतराचं काम. बटणावर काय लिहायचं ते ठरवताना एक नेम करू: दर बैठकीला कुणीतरी आपल्या घरातलं म्हातारं माणूस घेऊन यायचं, त्याला शब्द वाचून दाखवायचा, आणि कळला तरच ठेवायचा.

असं वर्ष-दोन वर्षं टिकलं, तर पुढच्या वेळी मुंबईच्या किंवा नाशिकच्या परिषदेला कळवणहून एक माणूस ताट घेऊन कोपऱ्यात उभा राहणार नाही. दहा-बारा जण जातील, सोबत शंभर शब्दांची यादी नेतील आणि टेबलावर ठेवून म्हणतील, हे आमच्याकडे तपासून झालंय, घ्या.

फुल्यांनी निमंत्रण नाकारलं तेव्हा त्यांच्यामागे त्यांचा समाज उभा होता, त्यांच्या शाळा होत्या, त्यांची पुस्तकं होती. म्हणून त्या नकाराला वजन आलं. आपल्याला नकार द्यायचा नाहीये, आपल्याला जायचंय. पण जातानाही हातात काहीतरी असावं लागतं.

ती आजी परवा परत आली होती, दुसऱ्या नातवाचा फॉर्म घेऊन. बटणावर अजून 'सादर करा'च आहे. तिला सांगितलं, असं असं करायचं म्हणतोय, तुम्ही याल का शब्द तपासायला? म्हणाली, "येईन की. फक्त गाडीच्या आत सोड."

पहिला रविवार ठरला की कळवतोच. तोवर ज्यांच्याकडे खोली आहे, प्रोजेक्टर आहे, किंवा नुसते पोहे आहेत, त्यांनी दुकानावर येऊन सांगा. आणि आपल्या पाड्याचं नाव कुठे चुकीचं लिहिलंय तेवढं आजच बघून ठेवा.